पाच सुतांचा वस्तरा

२०२० सालच्या जूनचा शेवटचा आठवडा होता. मार्चपासून गप्प झालेले इचलकरंजीचे माग आता कुठं एकेक करून खडखडू लागले होते. त्या महिन्याच्या २८ तारखेपासून सलून उघडायला राज्य शासनानं परवानगी दिली, पण ती केस कापण्यापुरती. दाढी करायला बंदी कायम होती. हे वाचून आमचा भाचा संध्याकाळी घरी आला. मागाच्या कारखान्यात जॉबरचं काम करणारा चोवीस वर्षांचा पोरगा. म्हणाला, "मामू, ब्लेडनं माझ्या गळ्यावर पुळ्या उठतात. दुकानात दाढी बंद. एक चांगला वस्तरा घ्यावा म्हणतो. पहिलाच आहे. कसला घेऊ?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला उत्तर येईना. घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. दख्खनी भाषेवर, सूफी परंपरेवर आम्ही चार लोकांत बोलतो. पण वस्तरा कसा ओळखावा, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला कधी विचारलं नव्हतं. उत्तर ज्यांच्याकडं होतं ते चाचा गावभागात आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहत. त्यांच्यापुढं आम्ही लहानपणापासून मान तुकवून बसलो होतो, पण त्यांच्या घरी कधी बसलो नव्हतो. भाच्याला घेऊन आम्ही पहिल्यांदा त्यांच्या अंगणात गेलो. त्या भेटीपासून आम्ही वस्तऱ्याचा इतिहास शोधू लागलो. पहिला वस्तरा कसा निवडावा हे सांगता सांगता त्याबद्दलही लिहायचं आहे.

आमच्यातलं कुणी म्हणेल, मुसलमानानं दाढी राखायची, त्याला वस्तरा कशाला? ज्यानं दाढी नीट राखली आहे त्यालाच विचारावं. गालावरची रेघ आणि गळ्याखालची हद्द सरळ ठेवायला जितका चांगला वस्तरा लागतो तितका सगळी दाढी उतरवायलाही लागत नाही. आणि वस्तरा आमच्या आयुष्यात दाढीच्या कितीतरी आधी येतो. जन्मल्यावर सातव्या दिवशी अकीका होतो, जावळ उतरतं आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी खैरात केली जाते. खतन्याच्या वेळी पूर्वी हज्जामच बोलावला जाई. आणि ज्याला हज घडला, तो मिना इथं कुर्बानीनंतर डोकं उतरवून एहराम सोडतो. त्या दिवशी डोकं भादरणाऱ्यांसाठी पैगंबरसाहेबांनी (स.) तीनदा दुआ केली आणि केस नुसते कापणाऱ्यांसाठी एकदा, अशी हदीस आहे. कुरआनच्या ५७ व्या सूरेचं नावच 'हदीद', म्हणजे लोखंड.

शब्दांचा माग काढला तर हीच गोष्ट दिसते. फारसीतला 'उस्तुरा' उत्तरेत उस्तरा झाला आणि आमच्या मराठीत वस्तरा. हजामत आणि हज्जाम हे अरबीतून आले. हज्जाम म्हणजे मुळात हिजामा करणारा, तुंबडी लावून दूषित रक्त काढणारा. एका अर्थानं तो वैद्य होता. बुखारीच्या संग्रहात अबू तैबा यांचा उल्लेख येतो. त्यांनी पैगंबरसाहेबांना हिजामा केली. पैगंबरसाहेबांनी त्यांना एक साअ मोबदला देववला, आणि ते गुलाम होते म्हणून त्यांच्या मालकांशी बोलून त्यांच्यावरची रोजची वसुली कमी करवली. कामाचा दाम दिला आणि काम करणाऱ्याचा बोजाही हलका केला, अशी ही दुहेरी शिकवण आहे. पुढं तुर्कस्तानापासून हिंदुस्थानापर्यंतच्या न्हाव्यांनी हजरत सलमान फारसी यांना आपल्या कसबाचे पीर मानलं. उत्तरेकडचे हज्जाम स्वतःला सलमानी म्हणवतात ते त्यामुळंच. मध्य आशियात आणि हिंदुस्थानात कारागिरांचे छोटे छोटे 'रिसाले' आणि 'कसबनामे' असत. हे काम पहिल्यांदा कुणी केलं, हत्यार हातात घेताना काय म्हणावं, अशी त्यात सवाल-जवाबाच्या रूपानं शिकवण असे. हत्यार हातात घेणं हे इबादतीच्या शेजारचं काम आहे, अशी त्या लोकांची समजूत होती.

आमच्या मुलखातला हा इतिहास एकट्या मुसलमानांचा नाही. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांतला एक. धोकटी काखेत मारून तो घरोघर जाई आणि सुगीला खळ्यावरून धान्याचं बलुतं नेई. खेड्यातला मुलाणीही त्याच्याकडूनच डोकं करून घेई. इथून जवळच्या पन्हाळ्यावर १६६० साली शिवरायांचं सोंग घेऊन मरणाला सामोरे गेलेले शिवा काशीद हे याच समाजातले. आणि १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. सुधारणेवर ग्रंथ लिहिले गेले, व्याख्यानं झाली, पण ज्यांचं पोट त्या कामावर होतं त्यांनी दिलेला नकार आम्हाला त्याहून मोठा वाटतो.

इचलकरंजीला न्हाव्याचं दुकान वाढलं ते मागामुळं. घोरपडे जहागीरदारांच्या या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी धंद्याला आश्रय दिला आणि हातमागाचं गाव हळूहळू यंत्रमागाचं शहर झालं. पाळी सुटली की माणसांचा लोंढा रस्त्यावर येतो. त्याला बलुत्याचा न्हावी पुरणार नव्हता. मग खुर्ची आली, आरसा आला, रोख पैसे आले. चाचांचे वालिद मिरजेकडून इथं आले ते याच सुमाराच्या पुढं. केसांत अडकलेलं कापसाचं तुसं आधी ब्रशनं झाडायचं आणि मगच पाणी लावायचं, ही इथल्या हज्जामाची खास रीत.

वस्तरा येई कुठून? त्याचं पोलाद कुठलं, हे शोधताना आम्ही थबकलो. दख्खनच्या मुशीतल्या पोलादाला युरोपात 'वूट्झ' म्हणत. तो शब्द कानडी 'उक्कु'वरून गेला असं मानतात. इचलकरंजीहून कर्नाटकाची हद्द दूर नाही, हा शब्द आमच्या बाजारात आजही कानावर पडेल. १७९४ साली मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना धाडले. जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या नामांकित शस्त्रकारानं ते घडवून पाहिलं आणि त्याची वाखाणणी केली. पुढं याच स्टोडार्टनं मायकेल फॅरेडेला सोबत घेऊन १८२० च्या आसपास पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. विजेचा शोधक म्हणून आम्ही ज्या फॅरेडेला ओळखतो, त्यानं आपल्या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले होते. त्या प्रयोगांना चालना मिळाली ती आमच्या पठारावरच्या लोहारांच्या पोलादामुळं. ते लोहार कोण होते, हे कुठं लिहिलेलं नाही.

बाजार मात्र इंग्रजांनी मारला. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन यानं शेफील्डजवळ मुशीत एकजीव पोलाद ओतायची रीत बसवली, आणि शेफील्डचा वस्तरा जगभर गेला. हे पातं जाड, पाचरीसारखं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या सोलिंगेन गावच्या कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजू दगडी चाकावर खोलगट घासून ते कागदासारखं पातळ केलं. असं पातं हलकं असतं, धार लावायला सोपं असतं आणि दाढीवरून फिरताना बारीक वाजतं. शेफील्डवाले चिडले. जर्मन माल नकली आहे, अशी ओरड झाली आणि १८८७ साली ब्रिटननं कायदा केला की परदेशी मालावर त्याच्या देशाचं नाव टाकलंच पाहिजे. गिऱ्हाइकानं 'जर्मनीत बनलेला' हे शब्द वाचून माल खाली ठेवावा, असा हेतू होता. झालं उलटंच. थोड्याच वर्षांत गिऱ्हाईक तो शिक्का शोधून माल घेऊ लागलं. कमीपणासाठी मारलेली मोहोर कामाच्या जोरावर इज्जतीची झाली. १९३८ साली तर जर्मनीत 'सोलिंगेन' या नावालाच कायद्याचं संरक्षण मिळालं. हा किस्सा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढं आम्हाला तो लागणार आहे.

हे वस्तरे मुंबईला उतरत आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांतून आमच्याकडं येत. त्या मार्केटला आज महात्मा फुले मंडई म्हणतात. चाचांच्या धोकटीत तीन वस्तरे होते. तिन्ही जर्मन, तिन्ही वालिदांच्या वेळचे. अंगणातल्या बाजेवर त्यांनी ते एका फडक्यावर मांडले. भाचा वाकून धार बघू लागला, तसे चाचा म्हणाले, "पैले धार नक्को देखू. धार मैं लगाके देतूं. पैले पीठ देख."

पहिल्या वस्तऱ्याची सगळी निवड या एका वाक्यात आहे. वस्तऱ्याची पाठ म्हणजे पात्याची वरची जाड कड. सहाणेवर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. धारेचा कोन त्या पाठीच्या जाडीवर ठरतो. पाठ वाकडी असेल, एका बाजूनं जास्त झिजली असेल, तर कितीही घासा, धार सरळ बसणार नाही. म्हणून जुना वस्तरा घेताना पाठीची झीज दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे आधी पाहायचं. मग वस्तरा सपाट काचेवर ठेवायचा आणि हलतो का ते बघायचं. डुगडुगला तर पातं पिळलेलं आहे, परत द्यावा.

मग माप. वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. आमच्याकडचे सुतार-फिटर या आठव्या भागाला 'सूत' म्हणतात. मागाच्या गावात सूत म्हटलं की आधी धागा आठवतो, पण भाचा जॉबर, त्याला हे सूतही ठाऊक होतं. चाचा म्हणाले, "पाच सूत का ले. चार सूत का हात में लचकता. सात सूत का भारी, नाक के नीचे जाता नै." पाच सूत म्हणजे सुमारे सोळा मिलिमीटर. सहा सुतांचाही चालतो. हा सल्ला जगभरच्या जाणकारांच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळतो, हे आम्ही नंतर पडताळून पाहिलं. चाचांनी त्यातलं एकही पुस्तक पाहिलेलं नाही.

टोक गोल असावं. चौकोनी टोक कानाजवळची रेघ काढायला चांगलं, पण नवशिक्याच्या हातात ते पहिल्याच दिवशी गाल कापतं. घासणी अर्धी किंवा पूर्ण खोलगट असावी. पाचरीसारखं जाड पातं सहाणेवर बसवायला मुरलेला हात लागतो. पोलाद साधं घ्यावं की न गंजणारं? साध्या पोलादाला धार लवकर लागते, पण ते ओलं ठेवलं की रात्रीत तांबडं होतं. दाढी झाली की पुसून, कोरडं करून, तेलाचा थेंब फिरवून ठेवायची सवय असेल तर साधं घ्यावं. नसेल तर न गंजणारं घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

जुन्या वस्तऱ्यात आणखी तीन दोष बघायचे. पहिला, धारेजवळची गंजाची टोचणी. पाठीवरचे डाग शोभेचा प्रश्न, पण धारेशी खड्डा असेल तर तिथं धार टिकणार नाही. दुसरा, चीर. पातं उजेडात धरून धारेवर नखाएवढी जरी चीर दिसली तरी तो वस्तरा गेला. तिसरा, धारेची रेषा. ती सरळ असावी किंवा किंचित बाहेर फुगलेली. मधोमध आत गेलेली धार कातडीला नीट टेकत नाही. मूठ तुटकी असली तरी घाबरू नये. मात्र जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीला आंबट वास येत असेल तर ती ताबडतोब बदलावी. कुजणाऱ्या सेल्युलॉइडचा वायू पात्याला गंज चढवतो. पात्यावरची सोनेरी वेलबुट्टी, कोरलेली नावं, मखमली पेटी यांचे पैसे देऊ नयेत. आजकाल शेकड्यात मिळणारे चकचकीत वस्तरे पाहिले तर कित्येकांचं पोलाद नीट तापवून पाणी दिलेलंच नसतं. ते शोभेच्या कपाटात ठेवायचे. उलट नवा कोरा सोलिंगेनचा वस्तरा दहा हजारांच्या पुढं जातो. एवढे पैसे पहिल्या वस्तऱ्याला घालायची गरज नाही. मध्यम किमतीचा जुना, सरळ पाठीचा वस्तरा घ्यावा आणि उरलेले पैसे धार लावून घ्यायला आणि चामोटीला ठेवावेत.

चामोटीचं महत्त्व नवशिक्याला कळत नाही. दगडावरची धार घरच्या वापराला काही महिने पुरते, पण ती टिकते चामोटीमुळं. दर दाढीआधी वस्तरा आधी कापडावर वीस-तीस वेळा आणि मग चामड्यावर चाळीस-पन्नास वेळा ओढायचा. पाठ पुढं, धार मागं. वळवताना पाठीवरून उलटायचा, धारेवरून नाही. नवा माणूस पहिल्या महिन्यात चामोटी कापतोच, म्हणून पहिली चामोटी स्वस्तातली घ्यावी. तिचं चामडं झाडाच्या सालीनं कमावलेलं चांगलं. आणि इथं आम्ही कोल्हापूरकर नशीबवान. कोल्हापुरी पायताणाचं चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांना तिचा अभिमान वाटला. ते चामडं कमावणाऱ्या हातांना मात्र गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं. चाचांची चामोटी एका जुन्या मागाच्या पट्ट्याची आहे. इंजिनवर माग चालत तेव्हाचा चामडी पट्टा, वापरून वापरून काळा आणि मऊ झालेला. त्याच्या पाठीला जाड सुती कापड शिवलेलं आहे, तेही याच गावात विणलेलं. पोलाद जर्मन, चामडं आणि कापड आमचं.

मग हे सगळं ज्ञान गेलं कुठं? त्याचाही इतिहास आहे. अमेरिकेत किंग जिलेट यानं १९०३ साली फेकून द्यायच्या पात्याचा रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या सैनिकांना हे रेझर वाटले आणि लाखो पुरुषांना स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली. आमच्याकडं स्वातंत्र्यानंतर देशी ब्लेडचे कारखाने निघाले. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक बंधनं आली आणि नवा परदेशी वस्तरा मिळणं अवघड होऊन बसलं. हज्जाम वडिलांच्या वस्तऱ्यावर दिवस काढू लागले. शेवटचा घाव एड्सच्या भीतीचा. १९८६ साली भारतात या विषाणूची पहिली नोंद झाली, १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि 'न्हाव्याकडं नवीन ब्लेडचा आग्रह धरा' हे घरोघर पोचलं. ते योग्यच होतं. एकच वस्तरा दहा गालांवरून फिरवण्यात धोका होता. दुकानात अर्ध्या ब्लेडचा उस्तरा आला. दिसायला तो वस्तऱ्यासारखाच, पण त्याला पाठ नाही, सहाण नाही, चामोटी नाही. नवशिक्यानं हा फरक ध्यानात घ्यावा. अर्ध्या ब्लेडचा उस्तरा स्वस्त आहे, कोन शिकायला बरा आहे, पण त्याची धार कडक, चूक माफ न करणारी. आणि खरा वस्तरा घेतलाच, तर तो एकाच माणसाचा असतो. भावालाही द्यायचा नसतो.

म्हणजे चाचांचं हुनर एका पिढीत निरुपयोगी झालं. त्यांचा मुलगा आखातात गाडी चालवतो. नातू अभियांत्रिकी शिकतो. दुकान उत्तर प्रदेशातून आलेल्या एका तरुणानं भाड्यानं घेतलं आहे. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, मुलांनी शिकावंच. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कॉलेजात कुणी विचारलं तर नातू आजोबा 'बिझनेस' करायचे असं सांगतो. त्याला दोष देण्याआधी आम्ही आमच्याकडं पाहिलं. आमच्या घरात चिडलेला माणूस दुसऱ्याला 'हज्जाम कहीं का' म्हणतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. लग्नात चाचा नवऱ्या मुलाची दाढी करीत, नेग घेत, आणि दस्तरखान पडला की ते शेवटच्या पंगतीला बसत. कुणी त्यांना तसं सांगत नसे. सांगावं लागतच नसे, इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्याच मांडवात आमच्यातला कुणीतरी माईकवरून सांगत असे की इस्लाममध्ये जातपात नाही.

इस्लाममध्ये नाही, हे खरंच आहे. आमच्यात आहे, हेही खरं आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली. शब्बीर अन्सारी गावोगाव फिरले. दिलीपकुमार यांच्यासारखा कलावंत आपली सारी लोकप्रियता घेऊन त्या मंचावर आला. १९९४ साली शासनानं मुसलमानांतल्या कारागीर जमातींना इतर मागासवर्गीयांच्या सवलती लागू केल्या. तेव्हा आमच्यातल्या पुष्कळ शहाण्यांनी नाक मुरडलं. दाखल्यावर अशी नावं कशाला लिहायची, त्यानं समाजात फूट पडेल, असं ते म्हणाले. आम्हीही त्यात होतो. फूट आधीपासूनच होती, दाखल्यानं ती फक्त कागदावर आणली, हे कळायला आम्हाला फार वर्षं लागली. ज्या नावानं हिणवलं गेलं तेच नाव लिहून पोरांनी शाळेची फी भरली. सोलिंगेनच्या कारागिरांच्या शिक्क्याची आम्हाला आठवण येते ती इथं.

पहिल्या वस्तऱ्याची गोष्ट पुरी करतो. टाळेबंदी सैल झाल्यावर भाचा कापडाच्या कामाला मुंबईला गेला आणि चोरबाजारातून तीन वस्तरे घेऊन आला. एक सोनेरी नक्षीचा, चमकणारा. एक जाड पाठीचा शेफील्डचा. तिसरा जर्मन, पाच सुतांचा, गोल टोकाचा. त्याची मूठ तडकलेली, पाठीवर काळे डाग. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. त्यांनी वस्तरे पाहिले ते बोटांनी. नक्षीचा काचेवर ठेवताच डुगडुगला. शेफील्डच्या धारेवर टाचेशी चीर लागली. तिसऱ्याच्या पाठीवर अंगठा सावकाश फिरवून त्यांनी तो बाजूला काढला. भाचा नाराज झाला. हा तर सगळ्यात कळकट, म्हणाला. चाचा हसले. "मूठ बदल सकते बाबा. पीठ नै बदल सकते."

पुढचे तीन शुक्रवार भाचा जुम्याच्या नमाजनंतर त्यांच्याकडं गेला. चाचांनी धार लावली नाही, त्याच्याकडून लावून घेतली. आधी हजार नंबरचा दगड, मग चार हजार, मग आठ हजार. दगडावर पाणी, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, हात हलका. अंगठा धारेवर ओढून बघायचा नाही, लटकता केस धारेला लावून बघायचा. चौथ्या शुक्रवारी पहिली दाढी. तीही फक्त दोन गालांची. ऊन पाण्यानं दाढी भिजवायची, साबण मुरू द्यायचा, दुसऱ्या हातानं कातडी ताणायची. पाठ गालापासून थोडी उचललेली, साधारण तीस अंशांचा कोन. केसांच्या दिशेनं, वजन न टाकता. हनुवटी आणि वरचा ओठ पहिल्या महिन्यात वस्तऱ्यानं करायचा नाही. घाईनं बिनपाण्याची करणारे इतरांची करतात, असं चाचा म्हणाले, स्वतःची कुणी तशी करत नाही.

भाच्याच्या कानाखाली एक बारीक रेघ उमटली, तुरटी लावल्यावर थांबली. आरशात गाल चाचपत त्यानं विचारलं, "चाचा, कारखान्यात पोरं विचारतील कुठं शिकलास म्हणून. तुमचं नाव सांगू?"

चाचा चामोटी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाम नक्को बोल," ते म्हणाले. "हज्जाम के पास सीख्या, बोल."

भाच्यानं तसंच सांगितलं. आजही सांगतो. म्हणून या लेखात आम्हीही त्यांचं नाव लिहिलेलं नाही. त्यांनी जे लिहायला सांगितलं होतं ते लिहिलं आहे.